लेबलं आणि 'ते हे'

आमच्या घरात प्रत्येक डब्यावर नाव होतं आणि कुठल्याच डब्यात त्या नावाची वस्तू नव्हती. माझ्या आईवडिलांच्या संसाराबद्दल एवढं एक वाक्य लिहिलं तरी पुरे. आबा फौजेत स्टोअर सांभाळणारे सुभेदार. निवृत्त होऊन कृष्णाकाठच्या आमच्या गावी परत आले ते डोक्यात अख्खं स्टोअर घेऊनच. आल्या आल्या त्यांनी पांढरे कागद कापले, खळ केली आणि टपोऱ्या अक्षरात लेबलं लिहून स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिकटवली. साखर. रवा. मीठ, बारीक. मीठ, खडे. आईने ती सगळी लेबलं कौतुकाने पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून 'रवा'मध्ये शेंगदाणे, 'चहा'मध्ये मोहरी आणि 'मीठ, खडे'मध्ये सुटी नाणी ठेवायला लागली. तिला वाचता येत नव्हतं असं नाही, चौथीपर्यंत शिकली होती. पण डबा ज्या आकाराचा असेल त्यात मावेल ते ठेवायचं, ही तिची पद्धत. आबांना स्वतःच्या हाताने चहा करायची वेळ आली, की ते मोहरीचा वास घेऊन ओट्याशी उभे राहायचे आणि फौजी हिंदीत काहीतरी पुटपुटायचे.

आईच्या बोलण्यात नाव हा प्रकार जवळजवळ नव्हताच. "सुमे, त्या ह्याच्यावरचं ते काढ आन् ह्याच्यात वत," असं ती म्हणायची आणि मी चुलीवरचं दूध उतरवून पितळी पातेल्यात ओतायची. मला कधी विचारावं लागलं नाही. आबांचं नाव तर ती घेणं शक्यच नव्हतं; ते 'हे' होते, समोर असले की 'आवं' होते आणि रागात असली की 'तुमचं आबा' होते. पण माणसाचं नाव घ्यायचं नाही ही रीत तिने हळूहळू खोरं, पाटी, चमचा, पाटणची मावशी अशी सगळ्यांना लावली असावी. आबांचा त्यावर जीव खालीवर व्हायचा. "वस्तूला नाव असतंय, सुमन," ते मला समोर बसवून सांगायचे. "नाव न्हाई तर वस्तू न्हाई. स्टोअरमधनं इशू कशी करणार?" आणि आतून आईचा आवाज यायचा, "आवं, ते जरा हिकडं द्या की." आबा मुकाट्याने उठून विळी नेऊन द्यायचे. ती विळीच मागत होती हे त्यांना बरोबर कळायचं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी सांगलीत बी.ए. झाले आणि पुण्याला मामाकडे राहून जपानी शिकायची परवानगी मिळवली. गावात ही गोष्ट कुणाला पटण्यासारखी नव्हती. आबांना पटली, कारण ब्रह्मदेशात लढून आलेल्या एका म्हाताऱ्या हवालदाराने त्यांच्या मनात भरवून दिलं होतं की जपानी माणूस म्हणजे नेमका माणूस. "त्यांच्यात ढिसाळ काम न्हाई," आबा म्हणाले. "एक वर्ष शीक. मग बघू." ह्या 'मग बघू'त काय होतं ते मला ठाऊक होतं. पाटणहून एक स्थळ आलं होतं, माणसं चांगली होती, मुलगा तलाठी होता आणि त्यांना घाई होती. मला घाई नव्हती. मला दुसरं वर्ष करायचं होतं, आणि तिसरंही. पुण्याच्या त्या लहानशा वर्गात, जिना चढून गेल्यावर, मला पहिल्यांदा असं वाटलं होतं की आपलं डोकं कुणीतरी उघडून त्यात खिडकी बसवली आहे. हे मी आबांना सांगू शकले नाही, कारण खिडकीचं माप त्यांनी विचारलं असतं.

वर्ष संपून मी सुट्टीला घरी आले आणि त्याच महिन्यात आमच्या सोसायटीत जपानी पॉवर टिलर आला. उसाच्या सरीत चालवायचा, हाताने धरायचा, लहानसा लाल नांगर. तो चालवून दाखवायला चार दिवसांसाठी कंपनीचा एक जपानी कारागीर येणार होता, आणि सोसायटीचे सचिव होते आबा. त्यांनी चेअरमनना छाती पुढे काढून सांगितलं, "दुभाषा बाहेरून आणायची गरज न्हाई. आमची सुमन हाय." पाहुण्याने सांगितलेल्या प्रत्येक भागाचं नाव आणि काम ते एका वहीत उतरवणार होते, म्हणजे पुढे सुटे भाग मागवताना अडचण नको. वहीला लेबल होतं. रेघा मारून तयार होत्या. मला आदल्या दिवशी कळलं की माझं दुसरं वर्ष त्या रेघांवर लिहिलं जाणार आहे. "ह्यात क्लिअर झालीस तर बघू पुण्याचं," आबा म्हणाले.

आता कबूल करायला हरकत नाही, तोवर मी जे जपानी शिकले होते त्यात पुस्तक, पेन्सिल, मांजर आणि डोंगर होते. 'कोरे वा होन देसू,' म्हणजे हे पुस्तक आहे. 'आरे वा यामा देसू,' म्हणजे तो डोंगर आहे. पॉवर टिलरमध्ये ह्यातलं काहीही नव्हतं.

पाहुण्याचं आडनाव ओकाडा, जपानी रीतीने मानाने ओकाडासान. गावाने त्याचं तासाभरात ओकाडे केलं आणि दोघातिघांनी तर कराडकडचे का म्हणून चौकशीही केली. पन्नाशीचा, बुटका, हाताला ग्रीसचा कायमचा रंग चढलेला माणूस. मी पाठ केलेलं स्वागताचं लांबलचक वाक्य म्हणून कमरेत वाकले. तो तीन वेळा वाकला, आनंदाने काहीतरी भरभर बोलला आणि त्यातला एकही शब्द मला कळला नाही. मग लक्षात आलं की शब्द कळण्यासारखे मुळात नव्हतेच. तो म्हणाला होता, "आनो… आरे वा… नान्तोका… ने?" ह्याचा मराठीत अर्थ होतो: हे आपलं… ते… काहीतरी… नाही का? आमच्या बाईंनी वर्षभर आम्हाला नावं शिकवली होती. हा माणूस नावं वापरतच नव्हता. जपानहून इतक्या लांबचा प्रवास करून माझी आईच आली होती, पुरुषाच्या वेषात आणि हातात पाना घेऊन.

टिलर शेतात उतरवला. गावची सगळी इंजिनं दुरुस्त करणारे बापू मिस्त्री मदतीला होते. काळी माती, वरून कोरडी पण आत ओल. चार पावलं गेला आणि पात्यांना मातीचे गोळे धरून गचकन बंद पडला. त्या क्षणी ओकाडासान आणि बापू दोघेही एकदम म्हणाले, "आरे!" एक जपानीत आणि एक मराठीत. जपानीत 'आरे' म्हणजे 'ते', आणि चकित झालं की तोंडातून निघणारं 'आरे'ही तेच. मी ते पुस्तकात वाचलं नव्हतं, तिथे बांधावर शिकले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यानंतर चार दिवस त्यांना माझी गरज पडली नाही.

"सायेब, त्ये हे हाय न्हवं," बापू गुडघ्यावर बसत म्हणाले, "त्ये जरा आसं क्येलं तर?"

"आरे ओ?" ओकाडासान शेजारी बसले. "आरे ओ… को?" आणि हाताने काहीतरी वाकवून दाखवलं.

"व्हय, पर मग ह्ये न्हाई का अडकणार?"

"सो, सो, सो, सो!" म्हणजे बरोबर, बरोबर.

आबा वही उघडून माझ्यामागे उभे होते. शेजारी चेअरमन, त्यांच्यामागे निम्मा गाव. "काय म्हणाले?" आबांनी विचारलं.

"ते असं करायचं म्हणतात," मी म्हणाले.

"ते म्हंजे काय?"

"ते म्हणजे… ते."

आबांची पेन्सिल कागदावर थांबली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं, आणि मला पुण्याचा तो जिना आठवला. पुढच्या वेळी ओकाडासाननी बोट दाखवून 'आरे' म्हटल्यावर मी खणखणीत आवाजात सांगितलं, "गिअरबॉक्सचा मधला दांडा!" आबांनी खूश होऊन लिहून घेतलं. त्याच्यानंतरच्या 'आरे'ला मी 'डावी दाबपट्टी' म्हटलं. तिसऱ्याला 'तेलाची उपनळी'. माझी स्वतःचीच बुद्धी पाहून मी थक्क झाले. चौथ्याला 'गिअरबॉक्सचं झाकण' म्हटल्यावर बापू मिस्त्रींनी मान वर केली. ते वाईट माणूस नव्हते, मुद्दाम बोलले नाहीत. "सुभेदार," ते म्हणाले, "गिअरबॉक्स हितं हाय. सायेब तिकडं बोट दावत्यात. आन् तिकडं निस्तं चाक हाय गा."

लोक हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी पेन्सिलने चार ओळी खोडल्या, सरळ पट्टी लावून. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मला बसवलं आणि आवाज न चढवता बोलले, तेच जास्त लागलं. "नाव ठाऊक नसलं तर ठाऊक न्हाई म्हणावं. खोटं लेबल लावायचं न्हाई. स्टोअरमधी त्याला गुन्हा म्हंत्यात." मग थोडं थांबून, "वर्षभर पुण्यात राहून 'ते' आन् 'हे' शिकून आलीस. ते तर हितं आईकडंच मिळत व्हतं, फुकट. पुणं बंद. पाटणला कळवतो." मला रडू आलं ते पुणं बंद झालं म्हणून, आणि त्याहून जास्त ते बरोबर बोलत होते म्हणून. आई दारात उभी होती. सूप हातात धरून तांदूळ निवडत राहिली.

ओकाडासान राहायला सोसायटीच्या खोलीत आणि जेवायला आमच्याकडे. त्या रात्रीच्या जेवणाची आठवण आली की अजूनही मला एकटीला हसू येतं. रडून डोळे सुजलेली मी, मान खाली घालून जेवणारे आबा, आणि मध्ये पाटावर मांडी घालायचा प्रयत्न करणारा पाहुणा. आईने भाकरीच्या कडेला हिरव्या मिरचीचा खर्डा वाढला. त्याने विचारलं, "कोरे वा?" आई म्हणाली, "खावा की, ह्ये लय चांगलं असतंय." त्याने चिमूटभर नाही, चांगला घास घेतला. आश्चर्य वाटल्यावर जपानी माणूस काय काय म्हणतो हा धडा आमच्या पुस्तकात नव्हता. तो मला अर्ध्या मिनिटात मिळाला. आधी बारीक आवाजात "आरे?" मग "ओया, ओया…" मग डोळे मोठे करून "एए!" मग पाणी. मग "मासाका!" म्हणजे असं होणंच शक्य नाही. आणि शेवटी, कपाळाचा घाम पुसत, खालून वर चढत गेलेला एक लांबलचक "हेSSSSS!" आई पदराआड हसत म्हणाली, "आगं बया, ह्यास्नी ताक दे." आणि पाहुण्याने ताक पिऊन पुन्हा खर्ड्याला हात घातला. आबांच्या मिश्या किंचित हलल्या, पण त्यांनी आवरलं.

दुसऱ्या दिवशी बापू आणि ओकाडासाननी एकाआड एक पातं काढून टाकलं, उरलेली भट्टीत घालून वाकवली, आणि टिलर लोण्यातून गेल्यासारखा चालायला लागला. ह्या सगळ्या कामात एकाही वस्तूचं नाव उच्चारलं गेलं नाही. आबा आपले बांधावर वही बंद करून उभे. तेवढ्यात टिलरच्या पुढ्यातून, सरीतून, चांगलं हातभर लांब काहीतरी सळसळत निघालं. आणि आमचे आबा, नावांचे सुभेदार, जागेवरून हातभर उडून ओरडले, "लांबडं! लांबडं! ते बघा, ते, ते!"

ओकाडासाननी मला विचारलं, "आरे वा नान देसू का?" ते काय आहे? मी आबांकडे वळले. "आबा, ते काय म्हणून विचारतात."

"ते… ते हाय," आबा म्हणाले. "जनावर." नागपंचमीच्या शिराळ्याच्या बाजूची आम्ही माणसं, तो समोर असताना त्याचं नाव कुणी घेत नाही. तो शांतपणे बांध ओलांडून निघून गेला. ओकाडासाननी त्याच्या मागे एक छोटा 'हेSS' सोडला आणि टिलर पुन्हा चालू केला.

मला काही बोलायची छाती नव्हती. पण रात्री जेवताना आईने हकिकत ऐकली आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "मग त्याचं नाव का न्हाई घेतलं?"

"त्याचं येगळं हाय," आबा म्हणाले.

"आसं व्हय," आई म्हणाली आणि भाकरी उलटली.

शेवटच्या दिवशी टिलरची पूजा झाली, नारळ फुटला, आणि जेवण आमच्या अंगणात. चेअरमन, पंच, त्यांच्या बायका, बापू मिस्त्री, सगळे. आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. वाढताना ती आबांना म्हणाली, "आवं, ह्यांच्यात ते वाढा की," आणि आबांनी तुपाची वाटी उचलली. ओकाडासान हे चार दिवस पाहत होते. त्यांनी मला हळू, माझ्यासाठी सोपं करून विचारलं, तुमची आई वडिलांना काय म्हणून हाक मारते? मी सांगितलं, नाव घेत नाहीत आमच्याकडे. 'आवं' म्हणते. ते पोटभर हसले. म्हणाले, माझ्या बायकोने वीस वर्षांत माझं नाव घेतलेलं नाही. ती 'ने' म्हणते, 'ऐकलं का' तसं. चिडली की 'चोत्तो', म्हणजे 'जरा इकडे या', म्हणते. त्यावरनं मला सगळं कळतं.

हे मी मराठीत सांगितलं. चार दिवसांत मी केलेलं ते पहिलं खरं भाषांतर. बायकांच्या पंगतीत एकच कल्ला झाला. "आगं बया! तिकडं बी तसंच?" चेअरमनच्या बायकोने आईचा हात धरला. "मग आता नाव घ्याच, काकी! जपानच्या पाव्हण्यासमोर नाव घ्या!" आई "काय तरीच, ह्या वयात" म्हणाली, लाजली, पदर सारखा केला. मी ओकाडासानना समजावलं की आता ती यमक जुळवून नवऱ्याचं नाव घेणार, सगळ्यांसमोर, एकदाच. ते पान सोडून ताठ बसले. आबाही कौतुकाने बघत होते, वाटी हातात. आई उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता, स्पष्ट आवाजात म्हणाली:

"जपानच्या पाव्हण्यांना पुरणपोळी, वर तुपाची धार,
हणमंतरावांनी ठरवलंय, सुमन पुण्याला परत जाणार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चेअरमन उठून आबांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "शाब्बास सुभेदार! आमी म्हंत हुतो, पोरीचं शिक्षण बंद करताय का काय. मोठं मन लागतंय!" बापू मिस्त्री म्हणाले, "आयला, झ्याक!" ओकाडासाननी मला विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं, वडिलांनी ठरवलं आहे की मी पुढे शिकावं. ते उठले, आबांसमोर गेले आणि कमरेत पार खाली वाकले. आणि आबा, ज्यांना प्रत्येक गोष्टीला शब्द लागायचा, ते हातात तुपाची वाटी घेऊन फक्त एवढंच म्हणाले, "आरे!" ते मराठी होतं की जपानी, मला आजही सांगता येणार नाही.

मी पुढे जन्मभर ह्या भाषेवर पोट भरलं. कारखान्यांत भाषांतरं केली, मुलांना शिकवलं, आणि पहिल्या दिवशी पुस्तक, पेन्सिल न शिकवता 'आनो', 'आरे' आणि 'हेSSS' शिकवत आले. आता मलाच वस्तूंची नावं वेळेवर आठवत नाहीत. "ते हे कुठंय गं?" असं मी नातीला विचारते, आणि ती चष्मा आणून देते.

त्या दुपारी पाहुणे गेल्यावर आबा पत्रावळी गोळा करणाऱ्या आईसमोर जाऊन उभे राहिले. मी दाराआड होते.

"हे मी कवा ठरवलं?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच की," आई म्हणाली. "ठरवलं तुमी. म्या आपलं नाव घेतलं फकस्त."

आबांनी एक पत्रावळ उचलून आईच्या हातात दिली. मग म्हणाले, "आन् पाटणच्या लोकांस्नी काय कळवू?"

"कळवा की. जरा ते हे झालंय म्हणून."

आठ दिवसांनी मी ट्रंक घेऊन पुण्याच्या एसटीला निघाले तेव्हा आबांनी एक कार्ड पेटीत टाकायला माझ्या हातात दिलं. पाटणचा पत्ता होता, त्यांच्या टपोऱ्या, सरळ, लेबलाच्या अक्षरात. कार्डच ते, मी वाचलं. वर गाव, तारीख, खाली पूर्ण नाव, हुद्दा, निवृत्त. आणि मधे एकच ओळ: 'आमच्याकडे जरा हे झाल्यामुळे तूर्त जमणार नाही, तरी समजून घ्यावे.'

त्यांनी समजून घेतलं.